वाजंत्र्यांनो, गलबला करा!

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाने एक प्रहसन केले होते. ज्यांनी ते पाहिले त्यांना आठवत असेल. आठवत नसेल तर फारच उत्तम. विषय होता लग्नाचा बँड. पाचजणांनी भाड्याचे लाल कोट चढवले, खांद्यांवर सोनेरी झालरी, डोक्यावर तुऱ्याच्या टोप्या. एकाच्या तोंडाला रॉकेलचे नरसाळे, एकाच्या हाती पुठ्ठ्याची पिपाणी, एकाच्या पोटावर तेलाचा रिकामा डबा. माझ्या वाट्याला ट्रॉम्बोन आला होता, आणि ट्रॉम्बोन म्हणून सायकलचा पंप. तो तोंडाला लावून मी दांडा मागेपुढे करी, गाल फुगवी, डोळे बाहेर काढी. शेवटी नवरदेवाचे घोडे उधळते, एका बँडवाल्याची विजार सुटते आणि पडदा पडतो. सभागृह हसून लोळले. मराठी विभागाचे बाक हसले, कन्नड विभागाचे बाक हसले, पहिल्या रांगेतले प्राध्यापकही तोंडाला रुमाल लावून हसले. आम्हांला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले, प्रत्येकी एक पेन. ते पेन अजून चालते. हा लेख मी त्याच पेनने लिहीत आहे.

पुढे वैशाखात भालकी तालुक्यातल्या एका खेड्यात नात्यातले लग्न निघाले. दुपारी परण्या निघाला. पुढे बँड, मागे घोडा, घोड्यामागे आम्ही. उन्हाने डांबर मऊ झाले होते. बँडातल्या मागच्या ओळीत एक मुलगा ट्रॉम्बोन वाजवत होता. लाल कोट, तुऱ्याची टोपी, घामाने कॉलर काळी झालेली. मी दोनदा पाहिले आणि तिसऱ्यांदा ओळखले. हिशेबशास्त्राच्या तासाला तो माझ्या मागच्या बाकावर बसतो. माझ्या कीर्द-खतावणीच्या चुका त्याने कितीतरी वेळा परीक्षेच्या आदल्या दिवशी दुरुस्त केल्या आहेत. तो असा काही उद्योग करतो हे वर्गात कोणालाही ठाऊक नव्हते. लग्नसराईत तो अधूनमधून गैरहजर असे आणि विचारले की 'काकाकडं काम होतं' एवढेच सांगे.

त्याने मला पाहिले. वाजवणे मध्येच थांबवता येत नव्हते, म्हणून तो माझ्याकडे पाहत वाजवतच राहिला. मला मात्र कुठे पाहावे ते कळेना. प्रहसनाच्या रात्री तो सभागृहात होता, तिसऱ्या की चौथ्या रांगेत, हे मला तिथेच त्या उन्हात आठवले. मारुतीच्या देवळापाशी परण्या थांबला, नवरदेव दर्शनाला आत गेला, बँडवाले बाहेर लिंबाच्या सावलीत टेकले. मी धीर करून त्याच्याजवळ गेलो. तोंडात शब्द येईना. त्यानेच ओठ पुसत विचारले, "पंप आणलास का?"

वाचकहो, या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. आता थोडेफार आहे. ते येथे मांडतो.

सुट्टीत मी त्याच्या काकांच्या घरी जाऊ लागलो. घर बिदरपासून फार लांब नाही. काकांकडे दोन ट्रॉम्बोन आहेत, एक सरकत्या नळीचा आणि एक तीन कळांचा. शिवाय एक युफोनियम, ज्याला तिथे सगळे नुसते 'बेस' म्हणतात. चुलत्याच्या ताफ्यातून आणखी एक सरकत्या नळीचा ट्रॉम्बोन येतो. काकांचे शिक्षण चौथीपर्यंत, तेही निम्मे मराठी आणि निम्मे कन्नड शाळेत. पण नळी कशी चालते हे त्यांनी मला जितके स्वच्छ समजावून दिले तितके आमच्या वर्गात मला काहीच समजावले गेलेले नाही (प्राध्यापकांनी क्षमा करावी).

नेहमीच्या ट्रॉम्बोनची नळी सरळ केली तर सुमारे नऊ फूट भरते. ती दुमडलेली असते आणि तिचा पुढचा भाग हाताने आत-बाहेर सरकतो. नळी लांबली की सूर उतरतो. थांबण्याच्या जागा सात, आणि प्रत्येक जागेला सूर अर्ध्या स्वराने खाली येतो. नळीवर खूण मात्र कुठेच नाही. जागा हाताला आणि कानाला ठाऊक असाव्या लागतात. कळांच्या वाद्यात कळ दाबली की दुसरा सूर तयार मिळतो, मधला रस्ता नाही. सरकत्या नळीत मधला सगळा रस्ता ऐकू येतो. आपल्या संगीतात ज्याला मींड म्हणतात ती पाश्चात्त्य पितळी वाद्यांपैकी याला जितकी सहज येते तितकी दुसऱ्या कोणाला येत नाही. हार्मोनियमला मींड येत नाही, हा तिच्यावरचा एक मोठा आक्षेप होता, आणि आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके तिला दाराबाहेर ठेवले. त्या परीक्षेला हा ट्रॉम्बोन बसला असता तर निदान या एका पेपरात पास झाला असता. पण त्याला कोणी बसवलेच नाही. तो वरातीत गेला.

माणसाचे बोलणे आणि हसणे हेही असेच सरकते असते. 'हो का?' म्हणताना आपण पायरीपायरीने वर चढत नाही, घसरत चढतो. म्हणून ट्रॉम्बोन बोलल्यासारखा वाटतो आणि म्हणूनच तो हसवतो. नळीच्या तोंडाशी काही धरून काढले की 'वा-वा' असा आवाज निघतो. अमेरिकेतले वादक त्यासाठी मोरी साफ करण्याची रबरी वाटी धरत, काका स्टीलचा तांब्या धरतात. चार्ली ब्राउन नावाच्या मुलाच्या कार्टूनपटांत १९६७ पासून वर्गातल्या बाईंचे बोलणे म्हणून तोंड झाकलेला ट्रॉम्बोन वाजतो. मुलांना बाईंचे शब्द कळत नाहीत, नुसते हेल ऐकू येतात. (पुन्हा क्षमा करावी.)

आता मूळ गोष्ट सांगतो. एका रात्री सराव आटोपल्यावर काका म्हणाले, "याला बस दाखवू." 'बस' हा त्यांचा एक खेळ आहे. तो कागदावर लिहिलेला नाही. तीन ट्रॉम्बोन आणि एक बेस, चौघे खाटेवर आणि जमिनीवर बसून वाजवतात. शब्द एकही नाही.

पहिला ट्रॉम्बोन म्हणजे बस. ती सुरू होत नाही. खालच्या सुरात एक गुरगुर, थांबली. पुन्हा गुरगुर, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा लागते आणि मग कळांचा ट्रॉम्बोन चाकांचा ठेका धरतो. बेस म्हणजे कंडक्टर. त्याला साऱ्या खेळात तीनच सूर आहेत, पण राग, कंटाळा, कीव असे सगळे तो त्या तिनांतच बोलतो. दुसरा सरकता ट्रॉम्बोन, तांब्यासकट, काकांच्या हाती. ती आजी. आजी मराठी आहे आणि कंडक्टर कन्नड आहे, हे न सांगता कळते. कसे म्हणाल, तर कंडक्टरचे प्रत्येक वाक्य शेवटी 'री'वर लांबते आणि आजीचे 'की'वर तुटते. बेळगावच्या रावसाहेबांची कन्नड हेलाची मराठी पु. लं.नी 'गणगोत'मध्ये लिहून ठेवली. बिदरच्या मराठीला अजून कोणी पु. ल. भेटलेला नाही, हा तांब्या तेवढा भेटला आहे.

पूर्वी या खेळातले भांडण सुट्ट्या पैशांवरून होते. जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या बसमध्ये फुकट प्रवास मिळू लागला, तेव्हा काकांनी खेळ बदलला. आता भांडण आधार कार्डावरून आहे. आजी ऐटीत कार्ड काढते (ट्रॉम्बोन वर चढतो), कंडक्टर ते उलटसुलट करून पाहतो, आणि कार्ड निघते पलीकडचे, महाराष्ट्राचे! तीन सूर. आजी सांगते, माझे माहेर इकडचे. तीन सूर. माझी लेक इकडे दिलेली आहे. तीन सूर, पण जरा मऊ. इतक्यात खड्डा येतो आणि चारही वाद्ये एकदम घसरत तळाला जातात. मी हसता हसता खाटेवरून खाली आलो.

मग सगळे थांबतात. नुसता चाकांचा ठेका. काका वाजवता वाजवता उठतात, अंगात बनियन, कमरेला लुंगी. ते डोळ्यांवर हात धरून वर पाहतात, जणू बसची पाटी वाचताहेत. पाटी कन्नडमध्ये आहे, आजीला ती वाचता आलेली नाही. आजी चुकीच्या बसमध्ये बसली आहे. हे तिला आता, शिवारात मध्येच, कळते. ट्रॉम्बोनमधून एकच लांब सूर निघतो, हळूहळू खाली येणारा. कंडक्टर दोरी ओढतो, बस थांबते. काका पिशवी सावरत तीन पावले चालत जातात, भिंतीकडे तोंड करून उभे राहतात आणि तांब्या नळीच्या तोंडावरून काढून घेतात. बेस तेच तीन सूर पुन्हा वाजवतो, इतके हलके की ऐकायला वाकावे लागते. खेळ संपला.

मी हसत होतो आणि मला वाटले आपण हसायला नको होते. मग काकाच हसले, तेव्हा मलाही पुन्हा हसू आले. त्यांनी सांगितले की उदगीरकडची सुपारी असली की आजी कन्नड होते आणि कंडक्टर मराठी. तिकडे भांडण अजूनही पैशांचेच आहे, कारण महाराष्ट्रात बायकांना अर्धे तिकीट लागते. पाटीचा घोळ दोन्हींकडे सारखाच.

"हे लग्नात वाजवता का?" मी विचारले.

"लग्नात कोन ऐकतंय बाबा," काका म्हणाले. "जेवणं झाल्यावर पोरंसोरं मागं लागली तर वाजवतो कधी."

हे त्यांनी कुरकुरत सांगितले नाही. पण विचार करण्याजोगे आहे. लग्नाला बँड लागतोच. नसला तर पाहुणे नावे ठेवतात. वाजत असतो तेव्हा मात्र त्याच्याकडे कोणी पाहत नाही. मंगलाष्टकांत तर वाजंत्र्यांना फार गलबला करू नका म्हणून देवाच्या साक्षीने बजावलेले आहे, आणि अक्षता पडल्या रे पडल्या की त्यांच्यावर ओरडायचे, वाजवा! ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने भारतातल्या लग्नाच्या बँडांवर 'ब्रास बाजा' नावाचे आख्खे पुस्तक लिहिले, ते २००५ साली निघाले. आपल्या गल्लीतल्या बँडवाल्याचे नाव आपल्याला माहीत नसते आणि परक्या देशातला माणूस येऊन त्याला नाव विचारतो! असो.

ही 'बस' ऐकल्यावर मी आमच्या एका प्राध्यापकांना, ज्यांना गाण्याचे वेड आहे, विचारले की जगात आणखी कोणी असले काही करते काय. त्यांनी आपल्या मोबाइलवर मला दोन गोष्टी ऐकवल्या.

पहिली स्वीडनची. यान बार्क आणि फोल्के राबे हे दोघे स्वतः ट्रॉम्बोनवादक. त्यांनी १९६२ साली चार ट्रॉम्बोनांसाठी 'बोलोस' नावाची रचना केली. तीत रागदारी नाही, चाल नाही. गुरगुर, फुसकारे, खाकरणे, एकमेकांना चिडवणे, रुसणे. बैठकीच्या वादनाचे सगळे गांभीर्य घेऊन चारजण बसतात आणि हळूहळू त्या गांभीर्याचीच फजिती होते. पहिले दोन मिनिटे मला हे काय चालले आहे ते कळेना. तिसऱ्या मिनिटाला मला काकांची बस आठवली आणि मग सगळे कळू लागले.

दुसरी इटलीची. लुचानो बेरिओ याने १९६६ साली एकट्या ट्रॉम्बोनसाठी एक तुकडा रचला आणि तो ग्रॉक नावाच्या विदूषकाच्या स्मृतीला वाहिला. ग्रॉक हा युरोपातला फार मोठा विदूषक. तो १९५९ साली वारला. बेरिओच्या लहानपणी तो त्याच्या शेजारी राहत असे. त्याची एक लकब होती: खेळ मध्येच थांबवून प्रेक्षकांकडे भाबडेपणाने पाहून तो जर्मनमध्ये विचारी, "का?" बेरिओच्या रचनेतही वादक मध्येच वाद्य खाली करतो आणि बावरून इंग्रजीत हाच प्रश्न विचारतो. एकच शब्द. आमच्याकडच्या कन्नडमध्ये त्याला 'याक' म्हणतील. आणि मला वाटते, लिंबाच्या सावलीत मला विचारलेला तो पंपाचा प्रश्न याच जातीचा होता.

गंमत अशी की हे वाद्य जन्माने हसरे नव्हे. युरोपात ते देवळांत वाजे. मोत्सार्टने १७८७ च्या 'डॉन जोव्हानी'त मेलेल्या सरदाराचा पुतळा बोलू लागतो तेव्हा ट्रॉम्बोन आणले, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा म्हणून. त्याचा विदूषक पुढे झाला. आणि विदूषक कोणाला करायचे याची निवड कधी निष्पाप नसते. अमेरिकेत १९१५ साली हेन्री फिलमोर याचा 'लॅसस ट्रॉम्बोन' निघाला. नळी घसरवून हसवणारा तुकडा, ऐकायला झकास. पण त्याच्या जाहिराती काळ्या लोकांची टिंगल करून खपवल्या गेल्या होत्या. शंभर वर्षे बँड तो आनंदाने वाजवत आले, आणि आता अलीकडे अनेकांनी तो बाजूला ठेवला आहे. सूर तेच आहेत, पण हसू कोणाच्या जिवावर उभे होते ते कळल्यावर त्यांना तो पूर्वीसारखा वाजवता येईना. मला ही माहिती मिळाली त्या रात्री मी ते बक्षिसाचे पेन बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

आमच्या प्रहसनात आम्ही काय दाखवले? बँडवाला मूर्ख असतो, बेसूर असतो, त्याची विजार सुटते. आपल्याकडे वाजवायचे कोणी हे जन्मावरून ठरत आलेले आहे. देवापुढे वाजवायचे, देवळाच्या आत मात्र यायचे नाही, ही रीत आपल्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे. मारुतीच्या देवळापाशी बँडवाले बाहेरच टेकले तेव्हा त्यांना कोणी अडवले नव्हते, आणि कोणी आत बोलावलेही नव्हते. ज्या कल्याणात बाराव्या शतकात हरळय्या आणि मधुवरस यांच्या घरांत सोयरीक झाली आणि साऱ्या शहरात वणवा पेटला, ते बसवकल्याण आपल्याच जिल्ह्यात आहे. त्या लग्नात वाजंत्री कोण होते हे कोणी लिहून ठेवलेले नाही. आमचे प्रहसन लिहिताना हे काही आमच्या मनात नव्हते, हे अगदी खरे. मनात नव्हते म्हणूनच तर इतके सहज सुचले.

मग विनोद करूच नये काय? असे मी मुळीच म्हणत नाही. काकांची 'बस' आमच्या प्रहसनापेक्षा दसपट विनोदी आहे. तिच्यात हसे होते ते आजीचे, कंडक्टरचे, दोन सरकारांचे आणि खड्ड्याचे, आणि ते करणाराच ठरवतो की कुठे हसायचे आणि कुठे तांब्या काढून घ्यायचा. आपल्या रंगभूमीला ही जागा नवी नाही. १८४२ साली कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून एक भागवत मंडळी सांगलीला आली, त्यांचे खेळ पाहून विष्णुदास भाव्यांनी पुढच्या वर्षी 'सीतास्वयंवर' उभे केले. त्यात सूत्रधारापाठोपाठ विदूषक नाचत येई. मराठी नाटक शिकले ते असे कन्नड पाहुण्यांकडून. यक्षगानात खेळाच्या आधी कोडंगी येतात, आपल्या तमाशात सोंगाड्या येतो. कन्नडमध्ये एक म्हण आहे: 'कोट्टवनु कोडंगी, इस्कोंडवनु ईरभद्र', म्हणजे देणारा ठरला विदूषक आणि घेणारा वीरभद्र. उसनवारीवर आहे ती. वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावी. काका मला ती म्हण सांगून म्हणाले की लग्नघरी राहिलेले पैसे मागायला गेले की तिचा अर्थ नीट कळतो.

तेव्हा माझी सूचना अशी. यंदाच्या स्नेहसंमेलनात 'बस' व्हावी. फाटकापासून रंगमंचापर्यंत पाहुण्यांपुढे चालणारा बँड म्हणून बोलावू नये. रंगमंचावर, दिव्याखाली, खुर्च्यांवर बसवून वीस मिनिटे द्यावीत.

याला हरकती येणार, त्या मला ऐकू येत आहेत. कोणी म्हणेल की मुलांना डी. जे. हवा असतो. हवा असतो, मलाही नाचायला आवडते. पण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, आणि दरवर्षी दहा वाजून पाच मिनिटांनी आपले प्राचार्य व पोलीस यांच्यात जे होते ते सर्वांनी पाहिलेले आहे. ट्रॉम्बोनही काही कुजबुजत नाही, हे कबूल; पण त्याला निदान श्वास घ्यायला थांबावे लागते. शिवाय डी. जे. आल्यापासून बँडांच्या सुपाऱ्या तुटल्या, ताफ्यातली माणसे हैदराबादला आणि पुण्याला बांधकामावर गेली. कन्नडमध्ये म्हणतात तसे, फुंकायचे दिले आणि बडवायचे घेतले.

कोणी म्हणेल, कार्यक्रम मराठी विभागाचा की कन्नड विभागाचा? हा प्रश्न आपल्याकडे हमखास निघतो. या नियतकालिकाचेच पाहा. मराठी पाने मराठी वाचक वाचतात, मग अंक उलटा करून कन्नड वाचक कन्नड पाने वाचतात, आणि मधल्या जाहिराती कोणीच वाचत नाही. मी मराठी शाळेत शिकलो, कन्नड मला बसस्थानकाने आणि आडत बाजाराने शिकवले. तरीही कन्नड विभागातल्या कथा मी या वर्षी प्रथमच वाचल्या, तेही हा लेख लिहायचा म्हणून. 'बस'ला भाषांतर लागत नाही. आजी आधी मराठी वाजवावी आणि मग त्याच रात्री पुन्हा कन्नड वाजवावी, दोन्ही खेळ लागोपाठ, अशी माझी खास विनंती आहे. कोणते बाक कोणत्या वेळी हसतात ते मला पाहायचे आहे.

मोठ्यांची एक हरकत अशी असेल की बँड हे काही संगीत नव्हे. पुण्याचा सोलापूरकरांचा प्रभात बँड मानाच्या गणपतीपुढे वाजतो तेव्हा लोक रस्त्यावर उभे राहून कान देतात. म्हैसूरच्या राजवाड्याचा बँड पुढे पोलीस दलात गेला आणि दसऱ्याला आजही ऐकायला मिळतो. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, १९५१ च्या 'अलबेला'त गोव्याच्या चिक चॉकलेटची मंडळी पितळी वाद्यांसकट पडद्यावर उभी केली, तेव्हा साऱ्या देशाने ताल धरला. केशवसुतांनी १८९३ साली तुतारी मागितली म्हणून आपण तिला अभ्यासक्रमात घेतले. तिचा हा सरकत्या नळीचा भाऊबंद फाटकाबाहेर का उभा, एवढेच विचारतो.

खरी अडचण निराळीच आहे, आणि ती मी लपवणार नाही. माझ्या मित्राला हे नको आहे. मी सूचना सांगितली तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुला आता पश्चात्ताप झालाय, म्हणून मी स्टेजवर यायचं का?" त्याने पुढे असेही सांगितले की प्रहसनाच्या रात्री तो हसला होता. मनापासून हसला होता, कारण मी नळी धरायचा हात उलटा धरला होता. बँडातला माणूस म्हणून वर्गात ओळखले जाणे त्याला नको आहे. त्याला लेखापाल व्हायचे आहे, आणि मुलाखतीला जाताना लाल कोट मागे लागू नये असे त्याला वाटते. यात मी त्याला काय सांगणार? मी वाजवत नाही, माझे ओठ उन्हात फुटत नाहीत. हा लेख त्याला वाचून दाखवला आहे. त्याने दोन वाक्ये कापली, एक घातले, आणि नाव घालू नको म्हणाला. रंगमंचाविषयी अजून हो म्हणालेला नाही.

काका मात्र तयार आहेत. पुतण्या आला नाही तर त्याची कळांची बाजू चुलत्याचा मुलगा सांभाळील, असे ते म्हणतात. त्यांच्या अटी तीन. इसार आधी मिळावा. खुर्च्या हात नसलेल्या असाव्यात, कारण हाताच्या खुर्चीत कोपर अडते आणि नळी सातव्या जागेपर्यंत जात नाही. तिसरी अट माझ्यासाठी आहे. बस खड्ड्यात जाते तेव्हा टायरमधली हवा गेल्याचा आवाज त्यांना कित्येक दिवसांपासून हवा आहे आणि तो कोणत्याच वाद्यातून मनासारखा निघत नाही, म्हणून मी पंप घेऊन बसावे. बनियन घालून, लाल कोट नको. हात कसा धरायचा ते ते शिकवणार आहेत.

संमेलन समितीने इसाराचे आणि चार बिनहाती खुर्च्यांचे पाहावे. पंप माझ्या घरचा आहे.